बोहनीची काडेपेटी

जब्बारने चहाच्या कपावर पुन्हा बशी झाकली. बोहनी झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, हा त्याच्या अब्बांपासूनचा नेम. बायकोने, हमीदाने घरून पाठवलेला चहा कधीच गार झाला होता आणि मंडईमागच्या त्या किराणा दुकानाची पायरी अजून कोणी चढलं नव्हतं.

समोरच्या गाळ्याला पाटी नव्हती. पुण्यात, आणि पाटीशिवाय! फोनवर मागवलेला माल दहा मिनिटांत घरपोच करणाऱ्या कंपनीचं ते गोदाम. तिथली एकेक मोटारसायकल सुरू झाली की जब्बारची नजर आपल्या रिकाम्या पायरीकडे जाई. टंचाईच्या काळात अब्बा अर्धं दार लोटून साखर विकत. त्यांना माल संपायची धास्ती असे. जब्बारला तो न संपायची होती.

आज सुनीतीबाईही आल्या नव्हत्या. शेजारच्या इमारतीतल्या या निवृत्त शिक्षिका रोज सकाळी एक काडेपेटी नेत. कित्येक महिने बोहनी त्यांच्याच हातची. एकट्या राहतात, काही झालं तर नसेल? काळजी त्यांची की बोहनीची, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

तेवढ्यात गोदामातला एक माणूस दोन गच्च पिशव्या घेऊन पायरीशी आला. गिऱ्हाईक समजून जब्बार उठला.

"काका, सुनीती देव कुठे राहतात? फोन लागत नाहीये. बाकीच्यांना त्यांचं घर पाठ आहे, माझी पहिलीच खेप."

पिशवीतून पोहे, शेंगदाणे, साबण डोकावत होते. सगळं जब्बारच्या फळीवर होतं, धूळ खात.

"ही शेजारची इमारत. दुसरा मजला." त्याने बोटाने जिना दाखवला. "बेल चालत नाही, कडी वाजवा."

थोड्या वेळाने सुनीतीबाई लगबगीने आल्या.

"आज उशीरच झाला. बोहनी झाली का हो, जब्बारभाई?"

रोज त्या हेच विचारत. एकट्या बाईला रोज काडेपेटी कशाला लागते, हे त्याला आज कळलं. झाली, असं सांगायचं त्याने ठरवलं होतं. तोंडही उघडलं. समोर आणखी एक मोटारसायकल सुरू झाली.

"नाही झाली अजून."

काडेपेटी देऊन त्याने नाणं कपाळाला लावलं. त्या पायरी उतरल्या.

"बाई," त्याने हाक मारली, "उद्या याल ना?"

इतक्या वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाला त्याने हे विचारलं नव्हतं. सुनीतीबाई थबकल्या. पण वळल्या नाहीत.

"येईन की," त्या म्हणाल्या. "चहा घ्या आता. गार झाला असेल."