भिंतीपलीकडचं मन

"दगा बोलतोय!"

"काय सांगस भो! तोंड तर हलत नाही त्याचं."

"तोंडानं नाही, मनानं. इंटरनेटवर!"

लिंबायतच्या गुजराती-मराठी मजूरवस्तीतल्या त्या भाड्याच्या खोलीबाहेर सकाळपासून रांग. साल अठ्ठ्याण्णव. गल्लीत इंटरनेट कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून त्याच्याबद्दल काहीही खरं वाटायचं.

दगा कापड विणायच्या लूमवरचा कारागीर. लकव्यानं अंग गेलं, वाचा गेली. आता त्याच्या डोक्यावर वायरींचं हेल्मेट, समोर कॉम्प्युटर, बाजूला टाय लावलेला योगेंद्रभाई.

"जुओ, बघा! मगजातला विचार वायरीतून सॅटेलाइटवर, तिथून अमेरिका, अमेरिकेतून इथं! विचारा भाभी. मोठ्यानं हां, तरंगाला आवाज लागतो."

दगाची बायको शोभाबाई हात जोडून म्हणाली, "अहो, दवाखान्याच्या गोळ्या चालू ठेवू का?"

कीबोर्डला कुणाचा हात नाही, तरी पडद्यावर अक्षरं उमटली. योगेंद्रभाईनं वाचली, "गोळ्या बंद. भाईंचं तेल लाव."

निंबा दाराशी उभा होता. लूमवर दगाच्या शेजारचा. लकवा आला त्या दिवशी निंबा लग्नाला गेला आणि त्याची पाळी दगाच्या गळ्यात मारली. सलग दुसऱ्या पाळीत दगा कोसळला. काल गर्दी नसताना निंबानं मोठ्यानं माफी मागितली, तेव्हा पडद्यावर आलं होतं, 'निंबा, तुला माफ केलं.' निंबा ढसाढसा रडला होता.

आज त्याला ते परत ऐकायचं होतं. पण एवढ्या लोकांत तोंडानं कसं विचारणार? तो वाकला आणि नुसते ओठ हलवले. लूमच्या खडखडाटात कारागीर असेच बोलतात. उत्तर पापणीनं: एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही.

'खरंच माफ केलंस?'

पडदा कोरा. दगाचे डोळे मात्र निंबावर रोखलेले. पापणी मिटली. पुन्हा मिटली.

निंबा सरळ झाला. गप्प बसलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण शोभाबाई गोळ्यांची पुडी फेकायला निघाली होती.

"वहिनी, थांबा! यंत्र खोटंय."

"काल तुम्हाला माफी मिळाली ती खरी, आन् माझं खोटं व्हय?"

"नाही मिळाली माफी. आत्ता दगानंच सांगितलं." त्याचा आवाज फाटला. "मी आवाज न करता विचारलं, तर यंत्र मुकं!"

"अरे, श्रद्धा रखो..." योगेंद्रभाई आडवा आला. निंबानं त्याला सारून टेबलावरचा कीबोर्ड उचलला. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. कॉम्प्युटरची वायर भिंतीतल्या भोकातून पलीकडं गेलेली. लोक शेजारच्या खोलीत घुसले. तिथं एक माणूस बसलेला. भिंतीला कान, मांडीवर कीबोर्ड, तोंडात मावा.

निंबानं पापणीची खूण सांगितली. शोभाबाईनं नवऱ्याचा चेहरा हातात धरला. "गोळ्या चालू ठेवू?"

पापणी एकदाच मिटली.

तेव्हापासून निंबा रोज संध्याकाळी दगाचे हातपाय हलवून देतो. रोज तेच विचारतो. पापणी अजून दोनदाच मिटते.

विचार वाचणारं यंत्र उद्या खरंच निघेलही. निघालं तर त्याचीही परीक्षा घ्या. आणि आपल्याला हवं तेच उत्तर मिळालं, की बाबांनो, डोळे पुसायच्या आधी वायर कुठं जाते ते बघा.