ऋणनिर्देशाच्या सतरा प्रती

मेहुण्यांचा फोन आला तेव्हा त्यांच्या प्रबंधाला अकरा वर्षं झाली होती आणि मुदतीला चार दिवस उरले होते. सोमवारी प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. जुने खर्डे पुसायला गेले, टाइप केलेल्या कमांडमध्ये एक मोकळी जागा जास्त सुटली आणि अख्खं फोल्डर साफ झालं. त्यांच्या संगणकावरचं लिनक्स 'नक्की ना?' वगैरे विचारत बसत नाही. बॅकअप होता, त्याच फोल्डरमध्ये.

गेलेल्या फायली परत काढून देणं हा माझा धंदा, त्यामुळे नातेवाइकांना मी अशाच वेळी आठवतो. मी बजावलं, की पुसलेली फाइल लगेच मरत नाही, तिच्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं की मरते. तेव्हा कशाला हात न लावता डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, तेवढी काढून आणा. मेहुणे दोनदा "समजलं" म्हणाले. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आणि त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी बहीण, इमेज घेऊन दुकानात आले. प्रत उतरवली कुठे, असं मी सहज विचारलं.

"त्याच डिस्कवर. भरपूर रिकामी जागा होती."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती रिकामी जागा म्हणजेच प्रबंध होता.

प्रत येऊन बसायच्या आधी डिस्कवरून जेवढं वाचून झालं, तेवढंच इमेजमध्ये वाचलं. संध्याकाळपर्यंत चाळल्यावर रांगांच्या गणितावरच्या सात प्रकरणांपैकी दीड हाती लागलं. आणि ऋणनिर्देश, त्याच्या सतरा आवृत्त्या, एकही ओळ न गमावता. मेहुण्यांनी सर्वाधिक मेहनत तिथे घेतली होती.

बहिणीने माझ्या स्टुलावर बसून त्या क्रमाने वाचल्या. पहिलीत तिला अख्खं पान होतं. पाचवीत परिच्छेद. अकरावीत एक ओळ. सतरावीत ती 'घरच्या मंडळीं'त गेली होती, प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

मेहुणे पाचव्या मुदतवाढीच्या अर्जाबद्दल बोलत होते. तिनेही सोबत यावं, बाईमाणूस असलं की विद्यापीठातले साहेब नीट ऐकून घेतात, असं त्यांचं म्हणणं.

"दादा, बाकीचं येणार नाही ना?" तिने मला विचारलं.

"नाही."

तिने पर्स खांद्याला लावली. "अहो, आभार मानून झालेत. आता सभा उठवू या."

माझे आभार मानायला मेहुण्यांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मिटलं.