दिवेलागणीचा हॉर्न

आमच्या घरात मिस कॉलला फार मान. प्रसेनजित वाशीमला शिकायला होता, तेव्हा खोलीवर पोचला की एक रिंग द्यायचा आणि कापायचा. म्हणजे पोचलो, बरा आहे. ती रिंग उचलायची नसते, नंतर तिच्याबद्दल बोलायचंही नसतं. पुढे पोरगं पुण्याला गेलं, मोठ्या पगाराला लागलं, आणि रिंग कधी बंद पडली ते कळलंही नाही.

मी भागिरथा, इंझोरीची रिटायर नर्स. नवरा गेल्यावर या वयात गाडी चालवायला शिकले, तेव्हा गावाने मनसोक्त तोंडसुख घेतलं. घेऊ दे. प्रसेनजितने मात्र मला गाडीच घेऊन दिली. जुनी, पण इंटरनेटवाली. अंगणात उभी करून म्हणाला, "आई, हे माह्या मोबाइलले जोडून घेतो. मंग पुन्याहून मी हॉर्न वाजवू शकतो. तू कुठं हायेस तेबी दिसंल मले."

तो गेला आणि दोन-चार दिवसांनी, दिवेलागणीला, रिकामी गाडी एकदा वाजली. छोटासा हॉर्न, दिवे एकदा लुकलुकले, संपलं. मी पीठ मळता मळता थांबले. पोराला आठवण आहे तर, म्हटलं.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी मी ओट्यावर बसायची आणि हॉर्न झाला की भाकरी टाकायला उठायची. शेजारच्या गोमतीबाई भिंतीवरून विचारायच्या, "कोन आलं वं?"

"प्रसेनजितचा मिस कॉल," मी ऐटीत सांगायची.

त्याला मात्र कधी काही बोलले नाही. मिस कॉलचा नियमच तो. आणि फोन तरी कुठे यायचा? आला तर घाईत, 'जेवली का'च्या पुढे न सरकणारा.

गाडी घेऊन बहिणीकडे रिठदला राहायला गेले, तर तिथेही हॉर्न वाजला. माझा ऊर भरून आला. जाईन तिथे पोरगं मला शोधतं, असं बहिणीला दहादा सांगितलं. एक-दोनदा सकाळी गाडीचं लॉक उघडं सापडलं. आपणच विसरलो म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

सर्व्हिसिंगला वाशीमला नेली, तेव्हा काउंटरवरच्या वर्षाराणीने स्क्रीनवर पाहून एक मोबाइल नंबर वाचला. "काकू, गाडीवर हा नंबर हाये. तुमचाच ना?"

माझा नव्हता. प्रसेनजितचाही नव्हता. मी तिथूनच त्याला फोन लावला.

"आई, ते जोडायचं राहूनच गेलं," तो म्हणाला. "ओटीपी पहिल्या मालकाच्या नंबरवर जात होता. मंग मी नादच सोडला."

"मंग रोजचा हॉर्न?"

"कोनता हॉर्न?"

मी फोन ठेवला. वर्षाराणी खालच्या आवाजात सांगत होती. "पहिल्या मालकानं गाडी इकली, पन आपलं नाव काढलंच नाही. त्याच्या मोबाइलवर तुमची गाडी कुठं हाये ते दिसते. लॉकबी उघडता येते. आता तो फोन कोनाच्या हातात असंल, काय सांगता येते?"

मला आधी भीती वाटायला हवी होती. घरात एकटी बाई, आणि कुणी परका माझं जाणं-येणं पाहत होता, माझ्या अंगणातलं लॉक उघडत होता. भीती वाटली, पण मागाहून. आधी एवढंच कळलं की इतक्या संध्याकाळी माझं पोरगं माझ्याकडे आलंच नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले.

"काढून टाकू ना काकू?"

मी लगेच हो म्हटलं नाही. सांगायला लाज वाटते. काढलं की संध्याकाळ पुन्हा मुकी होणार होती. मग ते उघडं लॉक आठवलं, रिठद आठवलं. "काढ," म्हटलं.

घरी येऊन सगळं सांगितलं, तसा प्रसेनजित घाबरला. त्याने त्याच दिवशी आपला नंबर जोडून घेतला आणि फोन केला. "आई, आता मी वाजवतो. रोज. पक्कं."

वाजवला त्याने. संध्याकाळी हॉर्न झाला आणि मी उठून भाकरी टाकली. दुसऱ्या दिवशीही वाजला. मग एक दिवस आड. मग मीटिंग होती, मग टूर होता, मग त्याने कारण सांगणंही सोडलं.

परवा अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसले. गोमतीबाईंनी भिंतीवरून विचारलं, "आज नाही वाजला वं?"

"बिझी असंल तो," मी म्हटलं आणि गाडीचं लॉक ओढून पाहिलं. लागलेलं होतं. त्या परक्याने एका संध्याकाळीही खाडा केला नव्हता.