न्हाव्याच्या गळ्यातले भोक

सारे विश्व पोकळीतून जन्मले, असे थोर लोक सांगतात. मित्रांनो, मीही त्याच घराण्यातले. मी एका न्हाव्याच्या गळ्यावरचे जुने भोक आहे.

न्हावी फार आजारी पडला, त्याला श्वास घेता येईना, तेव्हा डॉक्टरांनी मला पाडले आणि माझ्यात नळी बसवली. कित्येक महिने त्याचा जीव माझ्यातूनच ये-जा करत होता. त्याची बायको मला रोज हलक्या हाताने पुसायची. एवढी माया तिने नवऱ्यालाही कधी लावली नव्हती, असे तिचा भाऊच म्हणायचा.

पुढे नळी निघाली. आता भोक आपोआप बुजेल, असे सगळे धरून चालले. पण बाहेरची कातडी आत उतरून माझ्या भिंतींना अस्तर लागले होते. मी बुजलेच नाही. मग माझ्यावर कापसाची पट्टी आली, पट्टीवर बंद कॉलर. मी त्या दमट अंधारात कोंडले गेले.

न्हाव्याचा कोंडमारा याहून मोठा. बोटाने मला दाबल्याशिवाय त्याचा शब्द फुटेना. सगळी हवा माझ्यातूनच फुस्सकन निसटे. हात दोनच, एकात कात्री, एकात कंगवा. बोलायचे तर काम थांबवायचे. मुक्या न्हाव्याकडे कोण बसणार? गिऱ्हाइके समोरच्या दुकानात जाऊ लागली. एकदा एक नवखा आला. न्हाव्याने गळ्याला बोट लावून मान खाली घ्यायला सांगितले. त्या भल्या माणसाने मान खाली घेतली, वर स्वतःच्याही गळ्याला बोट लावले आणि केस कापून होईपर्यंत तसाच बसून राहिला.

त्या दिवशी न्हावी बायकोला म्हणाला, "एक तर हे बंद करतो, नाहीतर दुकान."

डॉक्टरांनी माझे अस्तर कापून काढले, आतले स्नायू एकमेकांवर ओढले, वर टाके घातले. खोकताना गळा धरा, असे बजावले. आतून वारा जाताना मला ऐकू येत होता. माझ्या वाट्याला मात्र झुळूकही नाही.

जखम भरली, तशी बायकोने भावालाच धरून खुर्चीत बसवले. न्हाव्याने कात्री चालवली आणि बोलायचे म्हणून सवयीने कंगवा ठेवून बोट गळ्याकडे नेले.

"अहो, हात खाली. तसंच बोला."

न्हाव्याने कंगवा पुन्हा उचलला.

"मेहुणे," न्हावी म्हणाला, "टक्कल पडायला लागलंय तुम्हाला."

आवाज अख्खा तोंडातून आला. बायकोने डोळ्याला पदर लावला. मेहुण्याने आरशात पाहिले आणि बहिणीपेक्षा जास्त हळहळला.

मित्रांनो, ज्याने जीव तगवला त्यानेही वेळेवर बाजूला व्हावे, हे मला पटले आहे. आता मी नुसती एक रेघ आहे. माझ्या त्यागातून बोध घ्या. आणि तेवढी एक फुंकर घाला. टाक्यांच्या जागी फार खाज सुटली आहे, आणि न्हाव्याचे दोन्ही हात कामात आहेत.