मागच्या सीटवर दीड कट्टा

केशोरीच्या यादोरावांची मोटारसायकल जगन्नाथपुरीला जाणार, ही बातमी सगळ्या गावाला कळली तेव्हा खुद्द मोटारसायकलला मात्र तिचा पत्ता नव्हता. ती गुरांच्या कोठ्यात रिकाम्या पोत्यांखाली उभी होती. मागच्या चाकात हवा नव्हती आणि सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. शेजारच्या खुंटीवर तुडुमाची जुनी दोरी टांगलेली होती. तळ्याच्या तुडुमाला, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाला, आता चाक फिरवायचं लोखंडी दार बसलंय. त्यामुळं दोरी आणि गाडी दोघीही सेवानिवृत्त होत्या. यादोरावांनी पोतं ओढलं तेव्हा कोंबडीनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यांनी पोतं परत होतं तसं टाकलं आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत बेत पुढं ढकलला.

बेत निघाला तो एका प्रश्नातून. दिवाळीला मुलगा हिमांशु गोंदियाहून आला होता. त्यानं आईला मोबाइलवर समुद्र दाखवला. वच्छलाबाईंनी तो मोबाइल उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला आणि विचारलं, "याची पाळ कोठी हाय?"

"माय, समुद्राले पाळ नसते."

"मंग येवढं पानी थांबून कायले राह्यते?"

हिमांशुनं बाबूजींकडे पाहिलं. यादोराव कोहळी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणाऱ्यांच्या घरचे. गावच्या तळ्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, कुठं पाझरते हे त्यांच्या तळपायांना चालता चालता कळायचं. असल्या घरात पाण्याबद्दलचा प्रश्न बिनउत्तराचा राहणं म्हणजे पंगत बसल्यावर मीठ संपण्यासारखं. ते म्हणाले, "जाऊन पाहून येऊ. गाडीनं जाऊ."

"जाऊ ना," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमी गाडीनं या. मी रेल्वेनं येतो."

आणि त्यांनी तिथल्या तिथं हिमांशुला तिकीट काढायला लावलं. एकच.

या रेल्वेचं कारण केशोरीत सगळ्यांना ठाऊक आहे. यादोरावांसमोर ते कोणी काढत नाही. म्हणजे रोज काढत नाही. हिमांशु शाळेत होता तेव्हाची गोष्ट. नवराबायको याच गाडीवरून नवेगावबांधला लग्नाला निघाले होते. वाटेत नाल्यावर रपटा, म्हणजे पुराचं पाणी वरून जाणारा ठेंगणा पूल, आहे. त्यावर गाडी उसळली आणि वच्छलाबाई मागच्या मागे अलगद वाळूत उतरल्या. लागलं काही नाही. यादोराव मात्र बोलत होते. कोणाच्या बांधीत धान बरं आहे, कोण चोरून पाणी वळवतो, पाहुण्यांकडे जेवायला काय असेल, हे सगळं ते नवेगावपर्यंत सांगत गेले. तिथं हॉटेलसमोर गाडी लावून त्यांनी दोन चहा सांगितले, आणि एक कप द्यायला मागं वळले.

मग ते सुसाट उलटे निघाले. समोरून एसटी आली. खिडकीत वच्छलाबाई होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही, आणि लग्नाला वेळेवर पोहोचल्या.

पडल्याचा त्यांना राग नव्हता. "पडते मानूस," त्या म्हणायच्या. "पन मागून साधं हूं बी येऊन नव्हतं राह्यलं, तरी याहिले समजलं नाई?"

त्यानंतर त्या मागच्या सीटवर बसल्या नाहीत. बाजार, बारसं, मयत, सगळीकडे दोघं एकाच घरातून निघायचे. हे गाडीनं, त्या एसटीनं, आणि मांडवात भेटायचे. पुढं यादोरावही एसटीनं जाऊ लागले आणि गाडी कोठ्यात गेली. आता खरं सांगायचं तर समुद्राचं त्यांना फारसं काही नव्हतं. पाळ नसलेल्या पाण्याबद्दल त्यांचं मत मुळातच बरं नव्हतं. त्यांना एकदा, मरायच्या आधी एकदा, मागची सीट भरलेली हवी होती. हे ते कोणाला बोलले नाहीत. त्यांनी फक्त गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली आणि सडक अर्जुनीला नेली.

तिथं हायवेला ढाब्याच्या बाजूला भैय्यालालचं गॅरेज. बैल घेणारा मारतो तशी त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"काकाजी, ये पुरी जाएगी?"

"जाइन."

"पहले ये बोलो, ये वापस केशोरी जाएगी क्या?"

तरी त्यानं हात लावला, कारण रोज ट्रकचे टायर काढून त्यालाही कंटाळा आला होता. टाकीत खडे घालून दोघांनी ती पाळण्यासारखी हलवली, तेव्हा आतला गंज लाल पाणी होऊन बाहेर आला. कार्बोरेटर उकलून धुतला. सायलेन्सरमधली काजळी जाळली, तिचा धूर ढाब्यावर गेला आणि दोन गिऱ्हाइकं ताट सोडून उठली. चेन बदलली, टायर-ट्यूब बदलल्या. क्लचच्या वायरीला लागूनच एक जास्तीची वायर बांधून ठेवली. म्हणजे वाटेत पहिली तुटली की दुसरी नुसती जोडायची. यादोराव मात्र या कशाकडं फारसं बघत नव्हते. ते मागच्या सीटपाशी उकिडवे बसले होते. सीटमध्ये नवा फोम भरून घेतला. पाठ टेकायला दांडी. धरायला कडी. दोन्ही पाय ठेवता येतील अशी रुंद पट्टी.

"काकाजी, आप गाडी बना रहे हो के सोफा?"

"तू इंजन पाय. मागचं मी पायतो."

"पीछे बैठेगा कौन?"

"सामान," यादोराव म्हणाले.

भैय्यालालनं हातातल्या जाळीकडं पाहिलं. चाकात पदर अडकू नये म्हणून लावतात ती जाळी. "सामान साडी पहनता है क्या?"

यादोरावांनी विषय बदलून आरसा धरला. भैय्यालालनं तो नियमाप्रमाणं मागच्या रस्त्यावर लावला होता. यादोरावांनी तो वळवून मागच्या सीटवर लावला. भैय्यालालनं परत रस्त्यावर लावला. ढाब्यावर चहा पिऊन येईतो तो पुन्हा सीटवर होता.

"पीछे से ट्रक आया तो?"

"ट्रकवाल्याले डोळे नाईत का? तो पाहील ना."

इकडं गावात निराळाच घोटाळा झाला. केशोरीत कोणी तीर्थाला निघालं की शेजारीपाजारी नारळ घेऊन येतात, देवासाठी मूठभर तांदूळ देतात आणि झालं-गेलं विसरा म्हणून पाया पडतात. पूर्वी तीर्थाला गेलेला माणूस परत येईलच असं नसायचं, म्हणून ही तजवीज. लोकांनी ती बातमी कळताच उरकली. बांधावरून ज्याच्याशी तीन पावसाळे बोलणं नव्हतं, तो उदारामही आला, रडला, माफी मागून गेला. पुढच्या आठवड्यात त्याला यादोराव पाळीवर दातण करताना दिसले.

"तुमी गेले नाई अजून?"

"चेन यायची हाय."

"मी माफी मांगलो ना बुवा, तुमी जाऊन राह्यले म्हनून!" उदाराम म्हणाला आणि त्याच पावली अबोला परत सुरू केला.

गाडी तयार झाली. आता एक परीक्षा उरली होती. मागं माणूस बसवल्याशिवाय गाडी कळत नाही, आणि बसवायचं ते माणूस घरात गहू निवडत बसलं होतं. म्हणून यादोरावांनी धान घेतलं. एक कट्टा, म्हणजे चाळीस किलोचं पोतं, कमी वाटला. दोन म्हणजे अपमान झाला असता. त्यांनी दीड कट्टा धान एका मोठ्या पोत्यात भरलं आणि सीटवर बसवलं. बांधलं नाही. वच्छलेला काही ते बांधून नेणार नव्हते.

वच्छलाबाई दारातून बघत होत्या.

गाडी नवेगावच्या वाटेला लागली. गाडी सुरू झाल्यावर आरशाचं एक नवं अंग कळलं: तो इतका थरथरत होता की त्यात पोतं, पळसाचं झाड आणि बैलगाडी सगळं सारखंच दिसत होतं. तरी यादोराव खुश होते. किती वर्षांनी मागं वजन होतं. "बरी बसली ना?" त्यांनी पोत्याला विचारलं. पोतं गप्प होतं. त्यात त्यांना वावगं वाटलं नाही. मग ते बोलू लागले. रायपूरला मुक्काम कुठं करायचा, डोंगरातला रस्ता कसा असेल, समुद्राला जादा पाणी काढून देणारी सलंग असेल का, नसली तर ते पाणी जातं कुठं. नवेगावला हॉटेलसमोर त्यांनी गाडी लावली आणि मागं वळले.

सीटवर कोणी नव्हतं.

हॉटेलवाला जुना माणूस. त्यानं गाडीकडं पाहिलं, सीटकडं पाहिलं. "दोन चाय का, काकाजी?"

यादोरावांनी एकही घेतला नाही.

रपट्यापर्यंत ते बघत बघत आले. वाळूत पोत्याची खळी होती, पोतं नव्हतं. घरी पोहोचले तेव्हा ते ओसरीवर होतं. एसटीनं आलं होतं. कंडक्टरनं उतरवून देताना सांगितलं होतं, "काकाजीचं हाय म्हनते. रपट्यावर बसून होतं."

वच्छलाबाईंनी पोत्याचं तोंड सोडून आत हात घातला. "किती हाय हे?"

"दीड कट्टा."

"मी दीड कट्टा?"

यादोराव ओसरीवरून उतरले. ते गाडीपाशी गेले, आरसा रस्त्याकडं वळवला, भैय्यालालनं लावला होता अगदी तसा. मग खाटेवर बसून त्यांनी हिमांशुला फोन केला. "बेटा, माह्यं बी तिकीट काढ. हो, रेल्वेचंच. नाई, गाडी मस्त हाय. गाडीत काई खराबी नाई." मग ते म्हणाले, "मलेच मागचं समजत नाई."

घरात गहू निवडायचा आवाज मध्येच थांबला.

सकाळी यादोराव गाडीवर पोतं झाकायला कोठ्यात गेले, तर वच्छलाबाई तिथं आधीच उभ्या. नवं लुगडं, पायात चपला, हातात पिशवी. दुसऱ्या हातात खुंटीवरची दोरी.

"हे काय?"

"दोरी."

"ते दिसून राह्यलं. कायले?"

"हात वर करा."

यादोरावांनी हात वर केले. आणि त्यांना सगळं आठवलं. जुन्या तुडुमाचं बूच काढायला खाली पाण्यात बुडी मारावी लागायची. कमरेला ही दोरी, आणि पाळीवर दोरी धरणारा एक जण. खालून एक झटका आला की, मी ठीक आहे. दोन आले की, वर ओढ. आणि वरून एक झटका द्यायचा तो नुसता विचारायला: आहेस ना? एका साली धरणारा तापानं पडला, धान सुकत होतं, म्हणून वच्छलाबाईंनी दोरी धरली. त्यानंतर लोखंडी दार बसेपर्यंत यादोरावांनी ती दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही. गावात लोक हसायचे. हसू दिलं.

वच्छलाबाईंनी त्यांच्या कमरेला गाठ मारली. तीच, जुनी, ओली झाली की घट्ट बसणारी.

"तुमी पान्यात जात होते, मले काई दिसत नव्हतं. वरून नुसतं हिरवं पानी. मंग मी का आरसा लावला होता?"

यादोराव म्हणाले, "नाई."

"एकदा तरी चुकलो का मी?"

"नाई."

"मंग. आरशात पाहून समजत नसते." त्यांनी दोरीचं दुसरं टोक मुठीला गुंडाळलं. "आनि मी दीड कट्टा नाई. सव्वा हावो."

"तिकिटाचं काय करायचं?"

"हिमांशुले म्हनावं, तू जा. त्याले बी पाळ पाहू दे."

गाडी पहिल्या किकला सुरू झाली नाही. तिसऱ्याला झाली. गावानं निरोप आधीच देऊन टाकला होता, त्यामुळं दारात कोणी आलं नाही. उदाराम तेवढा बांधावर उभा होता. त्यानं दोघांना एका गाडीवर पाहिलं, हातातलं फावडं खाली ठेवलं, आणि माफी परत मागावी का याचा विचार करत राहिला.

रस्त्याला लागल्यावर यादोराव बोलू लागले, ते त्यांना थांबवता येण्यासारखं नव्हतं. पण रपटा दिसला तसे ते गप्प झाले. वेग कमी केला. गाडी हळूच वर चढली, उसळली, आणि पलीकडं उतरली. इंजिनाचा फटफट आवाज, वारा. बाकी मागं काय आहे काय नाही, काही कळेना. त्यांचा श्वास बुडी मारल्यासारखा छातीत अडकून राहिला.

कमरेला एक झटका आला.

उत्तर द्यायला यादोरावांचे दोन्ही हात हँडलवर गुंतलेले. मग त्यांनी एकदा हॉर्न वाजवला. नाल्यात बसलेली एक म्हैस, हा आपल्यालाच, असं समजून उठून बाजूला झाली.

नवेगावला त्यांनी दोन चहा सांगितले.