खांडाखांडाने सुटलेली गोळी

सुपारी कोणी दिली हे सगळे विचारतात, फोडली कोणी हे कुणी विचारत नाही. म्हणून आज आपणहूनच बोलतो. मी अडकित्ता. पितळी दांडे, पोलादी पातं आणि स्वभाव थोडा कातर. मुक्काम भिवंडीजवळचं पूर्णा गाव, आक्काच्या कमरेला खोचलेली चंची. तिथे पानं, चुन्याची डबी आणि मी अशी आमची दाटीवाटी असते.

भिवंडीच्या जुन्या बाजारात एका लोहाराने मला घडवलं. आक्काची सासू गोदूबाई हिने दुकानातल्या प्रत्येक अडकित्त्यावर सुपारी फोडून पाहिली आणि मग मला उचललं. सूनसुद्धा तिने एवढी पारखून आणली नव्हती. गोदूबाई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात हळदीला, मांडवाला धवले गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण आली नाही तर बायका हळदीच्या वाटीला हात लावत नाहीत.

गोदूबाईनंतर धवले आक्काकडे आले आणि त्यांच्यासोबत मीही आलो. आक्काचा गळा सासूपेक्षा गोड. एका लग्नाचे सगळे धवले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कागदाचा कपटा न बघता. मधे दम घ्यायचा तर एक खांड सुपारीचं तोंडात टाकायचं, की पुढची ओळ हजर. आपलंही त्यात योगदान आहे असं मला वाटायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

मग आक्काचे यजमान बाळाराम गेले. भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली होती, दारासमोरून कंटेनर जात होते, मुलाचा, केसरीनाथचा, गाळ्यांच्या भाड्यावर बरा जम बसला होता. घर भरलेलं होतं, पण आक्काच्या छातीत उगाच धडधडायला लागलं. भिंतीपलीकडे ट्रकचा ब्रेक लागला तरी ती दचकून उठायची. एका दवाखान्यातून छोटी पांढरी गोळी मिळाली. पंधरा दिवस घ्या, म्हणाले. गोळीने काम केलं, धडधड थांबली, झोप लागली. पंधरा दिवसांची तीन वर्षं झाली, कारण औषधाच्या दुकानात रिकामी पट्टी दाखवली की नवी मिळायची आणि आक्काला कुणी काही विचारायचं नाही.

माणसांची गंमत आहे. सुपारी मोजून खातात, गोळी सवयीने. शेजारीण म्हणाली, "आक्का, मना झोप न्हाय," की आक्का चंची सोडून मला बाहेर काढायची, गोळी माझ्या पात्यात धरायची आणि अर्धी तिच्या हातावर ठेवायची. जसं पाहुण्याला खांड द्यावं तसं. अर्धी कसली, कधी चाराणे, कधी बाराणे, उरलेला चुरा माझ्या बिजागरीत. मला ते मुळीच आवडायचं नाही. सुपारी फुटताना आवाज करते, गोळी गुपचूप फुटते.

हळूहळू आक्का वस्तू विसरायला लागली. मला एकदा तांदळाच्या डब्यात ठेवलं, तिथे मी दोन दिवस काढले. ते मी हसण्यावारी नेलं. पण शेजारच्या दापोडे गावातल्या एका हळदीत तिने दुसरं कडवं दोनदा म्हटलं आणि तिसऱ्याला शब्दच सापडेनात. सोबतच्या बायकांनी सांभाळून घेतलं. रिक्षात बसल्यावर आक्का सुनेला, माधवीला, एवढंच म्हणाली, "मृणालीच्या हलदीला असा झाला त?"

मृणाली तिची नात. येत्या वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. नातीच्या हळदीत आजीचा धवला अडकला तर गाव काय म्हणेल ही गोष्ट वेगळी, आक्काला पोरीचं तोंड दिसत होतं. गोळीने डोक्यात धुकं भरतं हे तिचं तिलाच कळलं होतं. तिने ठरवलं, गोळी सोडायची.

आणि सोडली ती आपल्याकडे सोडतात तशीच. आषाढ अमावस्येला घरात कोलंबी झाली, बोंबील झाले. आक्का पोटभर जेवली, वर एक गोळी घेतली आणि उरलेली पट्टी कचऱ्यात टाकून म्हणाली, "उद्या सरावन. मासली बंद नि गोलीपन बंद." सगळे खूश. केसरीनाथ तर म्हणाला, "बघा, हिला म्हनतान आगरी बाई!"

मासळीने आक्काला काही केलं नाही. गोळीने सूड उगवला. तिसऱ्या दिवशी तिचे हात इतके थरथरले की मी तिच्या बोटांतून दोनदा खाली पडलो. घाम, मळमळ, छातीत पूर्वीपेक्षा दुप्पट धडधड. ट्रक गेला की अंगावर आल्यासारखी किंचाळायची. केसरीनाथ दारात उभा राहून म्हणत होता, "आक्का, सोमवार हाय, देवाचं नाव घे, जाईल." माधवीने मात्र देवाला नंतर बघू म्हणून तिला गाडीत घातलं आणि भिवंडीला नेलं. तेव्हा ही माझी सून झाली असती तर बरं, असं मला वाटलं. माझी कशी होणार, पण वाटलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट. सगळं ऐकून म्हणाल्या, "आजी, तुमचं ठरवणं बरोबर आहे, फक्त सोडायची रीत चुकली. एवढी वर्षं गोळी घेतली की अंगाला तिची सवय होते. एकदम काढली तर अंग बिथरतं. कधी कधी झटके येतात, जीवावरही बेततं. गोळी म्हणजे श्रावणातली मासळी नव्हे."

"मंग आता जन्मभर घ्यावाची?" आक्काचा आवाज रडवेला झाला होता.

"नाही हो. आधी होती तेवढी पुन्हा सुरू करायची. अंग शांत झालं की थोडी कमी, मग काही आठवडे तिथेच थांबायचं. बरं वाटलं तर आणखी थोडी कमी. कमी किती आणि कधी करायची ते मी सांगीन, तुम्ही नाही. आणि शेजारणीला वाटायची बिलकूल नाही."

आक्काने चंचीतून मला काढून पुढे केलं. "ह्याचे पात्यान बराबर दोन खांडा करतय मी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या बिजागरीतला पांढरा चुरा बघितला आणि हसल्या. त्यांनी कमी ताकदीच्या, मधे रेघ असलेल्या गोळ्या दिल्या आणि त्या तोडायला दुकानातून प्लास्टिकची डबी घ्यायला सांगितली. प्लास्टिकची! झाकण दाबलं की टक्‌ करून बरोबर अर्धी. मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. शिवाय बाई म्हणाल्या, सुपारीही तोंडाला वाईट, तीही सोडा. तेव्हा आक्का पहिल्यांदा जरा पूर्वीसारखी बोलली, "एका टायमाला एकच सोडवा, बाय."

मग सुरू झालं खांडाखांडाने. थोडी कमी झाली की चार-सहा दिवस आक्का चिडचिडी, झोप तुटक, मग हळूहळू शांत. सकाळी माधवीसोबत खाडीच्या बाजूला चालायला जायची. चालता चालता धवले म्हणायची, आधी तोंडातल्या तोंडात. दिवाळीनंतर एकदा कमी केलेलं सोसेना. केसरीनाथ कळवळून म्हणाला, "कशाला जीवाचे हाल? घे पुरी." आक्कानेही हात पुढे केला होता. माधवीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "वाढवायची नाही, उतरवायचीही नाही. आहे त्या पायरीवर बसून राहा. घाई कुणाला आहे?"

घाई आक्काला होती. लग्नाआधी पुरती सुटायला हवी असं तिच्या मनाने घेतलं होतं. बाईंनी त्यालाही नाही म्हटलं. आक्का दोन दिवस रुसली, माझ्यावरसुद्धा. मग स्वतःच म्हणाली, "बरं. हलू त हलू."

वैशाख आला. हळदीच्या संध्याकाळी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. आक्काची गोळी अजून सुटली नव्हती, एक लहानसा तुकडा शिल्लक होता. तिने गायला सुरुवात केली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्यात मामाचं नाव घ्यायच्या ओळीपाशी ती थांबली. मांडव थांबला. मृणालीच्या गालावर हळद अर्धीच लागली होती. आक्काचा हात चंचीत शिरला आणि तिने मला इतकं घट्ट धरलं की माझे दांडे तिच्या तळव्यात रुतले. मी पोलादाचा, तरी मला भीती वाटली.

तिने श्वास घेतला. एक, मग दुसरा, घाई न करता. हात सैल झाला आणि ओळ आली. मामाचं नाव, मामीचं नाव, आहेर, सगळं आलं. मृणाली हळद लावलेल्या हातानेच डोळे पुसायला लागली आणि बायका तिला ओरडल्या. मला त्या दिवशी जे सुख झालं ते सांगता येत नाही. एवढ्या वर्षांत एकही सुपारी इतकी गोड फुटली नव्हती.

शेवटचा तुकडा पुढे पावसाळ्यात सुटला, बाईंनी सांगितलं तेव्हा. त्याचा कुणी सोहळा केला नाही. प्लास्टिकची डबी कपाटात गेली आणि आमचं भांडण मिटलं. मलाही हल्ली काम कमी, आक्का सुपारीचं खांड पूर्वीच्या निम्मं करते. चंचीत पडून असतो, गंज नाही, तक्रार नाही. तुमच्या घरात अशी गोळी असेल तर तिला माझ्यासारख्या अडकित्त्याखाली घालू नका आणि एका दिवसात फेकूही नका. ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा, आणि सावकाश उतरा. निरोप घेतो, तेवढं काल सकाळचं सांगून.

माधवी चहा घेऊन आली तेव्हा आक्का खाटेवर बसून केस विंचरत होती. "आक्का, झोप लागली ना?" माधवीने घाबरतच विचारलं.

"न्हाय लागली गो," आक्का म्हणाली आणि चहाची बशी तोंडाला लावली. "आज लागल."