बाबांचं वजन

खडूची भुकटी फोनच्या स्क्रीनवर पडली होती, नेमकी त्या रिकाम्या चौकटीवर, जिच्यात आज उचललेलं वजन भरायचं असतं. ती अंगठ्याने पुसायला गेली तर भुकटी आणखीच पसरली... शेवटी बाहीने पुसून तिने आकडा भरला. सत्तर. अ‍ॅपमधली रेघ वर सरकली, खाली अभिनंदन उमटलं, आणि ट्रेनर म्हणाला, "चला, गंगेत घोडं न्हालं एकदाचं!"

सत्तर म्हणजे बाबांचं वजन. त्यांचे पाय गेले तेव्हा इस्पितळाच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं होतं. भाऊ लांबून फोनवर म्हणाला होता, "तुला एकटीला उचलवणार आहेत का ते? वृद्धाश्रम बघतो मी." उंटावरून शेळ्या हाकणं त्याला पहिल्यापासून छान जमतं. पण त्यात खोटं तरी काय होतं? खुर्चीत बसवताना एकदा बाबा तिच्या हातून निसटले होते—आणि जमिनीवर पडल्या पडल्या तिचीच समजूत घालत होते... तेव्हापासून हे जिम, हे अ‍ॅप. घरी शेजारचे काका उचलू लागायचे. संध्याकाळी बाबा विचारायचे, "आज किती झालं?" ती स्क्रीन त्यांच्यापुढे धरायची. "अजून बरंच उरलंय, बाबा." "होईल गं. आपण काय कमी आहोत?"

दिवसभर चष्म्याच्या दुकानात ती लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत राहिली. एक आजोबा खालची ओळ दिसत नसताना अंदाजाने वाचत होते, बहुधा तिला वाईट वाटू नये म्हणून. एरवी तिला हसू आलं असतं. आज मात्र बाबांचं ताट डोळ्यांसमोर आलं—का, ते कळेना—अर्धं तसंच राहिलेलं. "भूक नाही गं." "पोट जड वाटतंय." गेले कित्येक दिवस हेच... मग गिऱ्हाइकं वाढली आणि ती विसरली.

संध्याकाळी तिने काकांना बोलावलं नाही. बाबांच्या काखांखालून हात घातले, पाठ ताठ, श्वास रोखलेला, जिममध्ये शिकवलं होतं तसं. आणि बाबा वर आले—इतके सहज आले, की तिचाच तोल गेला. बरगड्या हाताला लागत होत्या. हे सत्तर नव्हेत, साठही नव्हेत... सदरा केव्हापासून असा लोंबतोय, आणि मला दिसलं कसं नाही? मी रोज ती रेघ बघत होते.

"जमलं की नाही?" तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून बाबा म्हणाले. लहान मुलासारखे खूश होते ते. "निम्मं तू केलंस, निम्मं मी."

खुर्ची हातभर अंतरावर होती. तिला राग आला, रडू आलं, कोणतंच बाहेर पडेना. भावाला आता बोलायला जागा उरली नव्हती... ती जिंकली होती. आणि बाबांना तसंच धरून उभी असताना तिला मनापासून वाटलं, की ते पुन्हा जड व्हावेत—पूर्वीसारखे, मला मुळीच न पेलण्याइतके जड—मग भाऊ खरा ठरला तरी चालेल.